रस्टिक होम डेकोरचं हातशिलाई किट : दोरे झकास, गोणपाट मात्र डोक्याला ताप

आधी निकाल सांगते, मग बाकीचं पुराण. किट वाईट नाहीये, पण डब्यावर जे लिहिलंय ना 'सगळं आत आहे, फक्त सुई उचला', तसं अजिबात नाही, आणि ज्यांनी कधी शर्टाचं बटणसुद्धा लावलेलं नाही अशा कुणाला भेट द्यायचं मनात असेल तर सोबत थोडं सामान वेगळं घालून द्या, नाहीतर अर्धवट अभ्र्यासकट तो डबा कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसणार हे लिहून ठेवा. पाचातले साडेतीन स्टार. बाकीचे दीड कशाचे कापले ते सविस्तर सांगते.

किटमध्ये चार वस्तू होतात. गोणपाटाचा उशीचा अभ्रा ज्यावर कापडी घर लावायचंय, कापूस भरून दोरीला लटकवायचे बदाम (पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे), चौकडीच्या कापडाच्या पताकांची माळ, आणि फेल्टची (न विणता, तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची) कोंबडी बसवलेलं छोटं वॉल हँगिंग. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असली किटं आता ढिगाने निघालीत आणि मला ज्या गोष्टी खटकल्या त्या कुठलंही किट उचलताना तपासून घेण्यासारख्या आहेत. डबा पत्र्याचा, दिसायला गोड, बाकी त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

चांगल्यापासून सुरू करते. दोरे! ज्याने कुणी हे रंग निवडलेत त्याला मानलं. विटकरी, मोहरीसारखा पिवळा, शेवाळी, उन्हात विटलेल्या निळीसारखा निळा आणि एक दुधट. रस्टिक म्हटलं की लोक भडक लाल आणि बाटलीचा हिरवा कोंबतात आणि मग ते गावाकडचं घर न वाटता सेलमधलं डेकोरेशन वाटतं, इथे तसं झालेलं नाही. लड्या कॉटनच्या, सहापदरी, प्रत्येकी 8 मीटरच्या. पुस्तिकेत पदर कसे सोडवायचे ते लिहिलेलं नाही म्हणून इथे सांगते, तीन पदर हवे असतील तर तीन एकदम ओढू नका, गुंता होतो आणि मग शिव्या दोऱ्याला. एकेक पदर वर खेचून वेगळा काढायचा आणि मग परत एकत्र जुळवायचे, असं केलं की टाका पसरट आणि भरीव दिसतो. फेल्टवर तीन पदर पुरतात, गोणपाटावर मात्र सगळे सहाच्या सहा घ्यावे लागतात, कमी घेतले तर टाका विणीच्या भोकात बुडून जातो आणि आपण नक्की काय भरलंय ते आपल्यालाच दिसत नाही. दोरा कापताना साधारण 45 सेंटीमीटर, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत धरा ना, बास. परत परत ओवायचा कंटाळा म्हणून त्याहून लांब घेतला की तो कापडातून जाऊन येऊन पिंजारतो, आणि गोणपाट खरखरीत असल्यामुळे जास्तच.

एक तपासणी मात्र कराच. ओल्या पांढऱ्या फडक्यात दोरा दाबून बघा रंग उतरतो का. विटकरी रंगाने माझ्या फडक्यावर हलकी गुलाबी छटा सोडली, मग ती लडी गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून घेतली, वाळवली आणि मगच वापरली. दुधट मांजरपाटावर एकदा तो गुलाबी डाग पडला की संपलं. लाल आणि गडद निळ्या दोऱ्यांच्या बाबतीत हे कुठल्याही कंपनीच्या मालाला लागू आहे, त्यामुळे याचे मार्क कापलेले नाहीत.

आता सुया. तीन दिल्यात. एक बोथट टोकाची जाड टॅपेस्ट्री, एक बारीक शिवणाची आणि एक भरतकामाची. नुसत्या गोणपाटावर धावदोरा घालायला बोथट सुई बरोबर आहे, ती विणीच्या भोकातून सरकते, ताग फाडत नाही. पण गोणपाटावर कापडाचं घर लावायचंय म्हणजे सुईला आधी घट्ट विणीचं सुती कापड भोसकायचंय, तिथे ही बोथट बाई काही आत जात नाही, आणि बारीक सुईच्या नेढ्यात सहा पदर ओवले जात नाहीत. इथे लागते शेनील सुई, म्हणजे नेढं मोठं आणि टोक अणकुचीदार, 20 किंवा 22 नंबरची. (सुईचे नंबर उलटे चालतात, आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, नवीन लोकांची इथे हमखास फसगत होते.) ती किटमध्ये नाही. मुख्य वस्तूलाच जी सुई लागते तीच नाही म्हटल्यावर 'सगळं आत आहे' कसं काय म्हणता हो? अर्धा स्टार इथे गेला. अंगुस्तानसुद्धा (शिवताना बोटात घालायची टोपी) नाही, पण ते मी माफ केलं, बोटाच्या मापाचं लागतं, किटमधून आलेलं कुणाला बसणार.

आणि आता गोणपाट. काय बोलू. पाकीट उघडल्या उघडल्या तो तेलकट घुसमटलेला वास, तागावर कारखान्यात सूत काढताना तेल मारतात ना त्याचा. वास काही दोष नाही, दोन दिवस उघड्यावर वाऱ्याला टांगलं की बराच जातो. खरा त्रास विणीचा आहे, इतकी विरळ वीण आहे की पलीकडचं दिसतं. अशा कापडाच्या दशा नुसत्या निघत नाहीत, अख्खी कड हळूहळू विरघळत जाते, आणि पुस्तिका म्हणते काय तर 'कडेपासून 1 सेंटीमीटरवर धावदोरा घाला'. एक सेंटीमीटर! उशी आत कोंबताना पहिल्याच ताणाला धागे सरकतात आणि टाका सुरक्षित राहतो पण कापड त्याच्यातून निसटून येतं. टाके मजबूत, शिवण मोकळी, असा प्रकार.

मी जे केलं ते सांगते. आधी कापड सरळ कापायचं, त्यासाठी पट्टी आणि खडू विसरा. जिथे कापायचंय तिथला एक धागा सुईच्या टोकाने उचलायचा आणि हळूहळू ओढून अख्खा काढून टाकायचा, कापडावर एक बारीक रिकामी रेघ तयार होते, तिच्यावरून कात्री चालवायची. धागा मध्येच तुटला तर टोक शोधून परत उचलायचा. हे काम मला फार आवडतं खरंतर, तागाचा धागा सरसर निघत येतो आणि मागे शिडीसारखी फट उघडत जाते, आणि कड अशी काही सरळ येते की मोजून कापलेली कधी येणार नाही. मग कडेला एक नाही, दोन ते अडीच सेंटीमीटर जागा सोडायची. मग त्याच मापाचा मांजरपाटाचा तुकडा आतून अस्तर म्हणून लावायचा, दोन्ही एकत्र कच्च्या दोऱ्याने टाचायचं आणि शिवण घालताना धावदोरा नाही तर उलटी टीप (दर टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जायचं), लहान लहान टाके, दोन्ही कापडांतून. आता ताण गोणपाटावर येतच नाही, मांजरपाटावर येतो, गोणपाट नुसता वर मिरवतो. शेवटी राहिलेल्या कडेवरून दोरा गुंडाळत न्यायचा म्हणजे आत तुसं गळत नाहीत. नाहीतर सोफ्यावर सगळीकडे तागाचा भुसा, आणि घरात कुणाला शिंकांचा त्रास असेल तर विचारूच नका. अस्तराचं कापड किटमध्ये नाही, मागच्या बाजूसाठी जेवढा मांजरपाट हवा तेवढाच मोजून दिलाय. एक तुकडा जास्त दिला असता तर काय बिघडलं असतं कळत नाही.

मागची बाजू पाकिटासारखी आहे, दोन तुकडे एकमेकांवर चढतात, चेन नाही बटण नाही. कल्पना चांगली आहे पण चढाव पाचच सेंटीमीटरचा दिलाय त्यामुळे उशी मागून डोकावते. निदान दहा ठेवा. आणि मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या, कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग एका बाजूने अभ्रा आक्रसतो. ताग मात्र धुवायचा नाही, ओला झाला की कमजोर पडतो आणि त्याचा आकारही जातो. म्हणजे अभ्रा मळला तर नुसता ओल्या फडक्याने पुसायचा, हे पुस्तिकेत कुठेतरी ठळक लिहायला हवं होतं, लिहिलेलं नाही. उन्हाच्या खिडकीतही ठेवू नका, ताग उन्हाने पिवळा करडा पडतो.

ह्या पुस्तिकेशीच माझं खरं भांडण आहे. चित्रं सुंदर, कागद जाड, पण दर दोन पानांनी एकच पालुपद, 'टाका वाकडा आला? काळजी नको, हे रस्टिक आहे!', 'कड सुटली? छान, अजून जुनं दिसेल!' अहो वाकडा टाका चालतो, कबूल, खरंतर चालतो कशाला, हवाच असतो, मशीनसारखी एकसारखी टीप आली तर हातशिलाईचा उपयोग काय. पण वाकडा आणि कच्चा यात फरक आहे की नाही? ज्या जुन्या वस्तूंची ही सगळी नक्कल चालली आहे त्या बनवणाऱ्या बायका काही रस्टिक दिसावं म्हणून शिवत नव्हत्या, वस्तू टिकावी म्हणून शिवत होत्या. अमेरिकेत पीठ आणि जनावरांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं, बायका ती पोती उसवून, धुऊन त्यांचे कपडे आणि गोधड्या करायच्या, आणि 1930 च्या आसपास तर कंपन्यांनाही हे उमगलं होतं, पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापून यायला लागली, लेबलची शाई धुतली की निघून जाईल अशी. पुढे कागदी पिशव्या आल्या आणि ते संपलं. त्या पोत्याच्या कापडाला लावलेलं ठिगळ म्हणजे खालचं भोक झाकणारं ठिगळ, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी पक्कं केलेलं. इथे किटमध्ये अभ्र्यावर दोन 'ठिगळं' द्यायची आहेत आणि पुस्तिका म्हणते चार कोपऱ्यांना चार मोठे टाके मारून सोडून द्या. दिसतं गोड, पहिल्यांदा पुसताना फडक्यात अडकून लोंबतं.

पट्ट्यापट्ट्यांचं एक कापड आहे त्याबद्दल मात्र शंभर टक्के मार्क. जुन्या गाद्यांच्या खोळींना असायचं तसलं टिकिंग, घट्ट विणीचं, कारण आतली पिसं बाहेर टोचू नयेत. घराच्या भिंती ह्याच्याच आहेत आणि हे कापड हाताला इतकं छान लागतं की मी उरलेल्या तुकड्याचं सुईघर करून टाकलं. याच्या उलट चौकडीचं कापड, पताकांचं, ते विणलेलं नाहीच, छापलेलं आहे. उलटं करून बघा, खरी चौकड दोन्ही बाजूंनी सारखी असते कारण रंगीत सुतानेच विणलेली असते, इथे मागून फिकट पांढुरकं. एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं, पण छापताना कापड तिरकं गेलेलं दिसतंय, धाग्यात फाडलं की चौकडीची रेघ एका टोकाला एका चौकोनात आणि दुसऱ्या टोकाला पुढच्या चौकोनात. आता गंमत अशी की पुस्तिकेत पताका कात्रीने न कापता फाडून काढायला सांगितल्यात, कडेला दशा दिसाव्यात म्हणून. फाडायची पद्धत बरोबर आहे, दशा सुंदर येतात, पण ह्या कापडाने सगळ्या पताका तिरळ्या दिसतात. शेवटी मी चौकडीच्या रेघेवरून कापल्या आणि दशा सुईने काढल्या.

जुनं दिसण्यासाठी एक चहाची पुडी पण दिलीये, रंगवायला. चहातलं टॅनिन सुती कापडाला धरतं आणि तो पिवळट तपकिरी जुनाट रंग येतो, कॉफीने जरा जास्त करडा येतो. प्रकार सोपा आहे आणि मजा येते, पिळून न टाकता चोळामोळा करून आडवं वाळवलं की डाग डाग येतात जसे हवेत तसे, दोरीवर टांगलं तर सगळा रंग खालच्या कडेला जमतो. पण किटमध्ये शिवायचं जे पांढरं रिळ दिलंय ते पॉलिस्टरचं आहे! पॉलिस्टर चहा पीत नाही. पुस्तिकेत क्रम असा आहे की आधी बदाम शिवा, मग चहात बुडवा, म्हणजे कापड छान मळकं जुनं आणि त्यावर शिवण पांढरीशुभ्र, दातांसारखी लखलखीत. कुणी एकदा तरी स्वतः करून बघितलं होतं का हे? कॉटनचा दोरा वापरा किंवा आधी कापड रंगवा आणि मग जुळत्या दोऱ्याने शिवा. शिवाय आत कापूस भरलेला असताना बुडवलं की तो आतून वाळायला किती वेळ घेतो ते वेगळंच, दमट राहिला तर वास धरतो. आणि चहाचा रंग काही पक्का नाही, धुतलं की उतरत जातो, वर तो आम्लधर्मी असल्याने वर्षानुवर्षांत कापड कमजोरही करतो, त्यामुळे लटकवायच्या वस्तूंना ठीक, रोज हाताळायच्या आणि धुवायच्या वस्तूंना नको.

बदामांचं डिझाइन छान, कापूस भंगार. फायबरचे गोळे गोळे झालेले, तसेच भरले तर बदाम आहे की बटाट्यांची पिशवी कळणार नाही. बोटांनी पिंजून अगदी मोकळा करायचा, चिमूटभर चिमूटभर भरायचा, सगळ्यात आधी खालचं टोक, पेन्सिलच्या मागच्या बाजूने ढकलत, मग वरचे दोन गोल, पोट सगळ्यात शेवटी. भरायला जी फट ठेवायची ती सरळ बाजूला ठेवा, वळणावर ठेवली की बंद करताना तिथे खाच दिसते. आणि उलटवण्याआधी वरच्या मधल्या खाचेत शिवणीच्या अगदी जवळपर्यंत कात्रीने एक छेद द्या, टाका न कापता, तो दिला नाही तर बदामाचा बदाम होत नाही, वरून सपाट टेकडी होते. हा छेद पुस्तिकेत चित्रात दाखवलाय पण लिहिलेला नाही.

कोंबडी मात्र माझी लाडकी. फेल्ट लोकरीचं मिश्रण आहे, नुसतं ॲक्रिलिक नाही, त्यामुळे वर बारीक गोळे कमी येतात, आणि फेल्ट विणलेलं नसल्याने कापलेल्या कडेच्या दशा निघत नाहीत. कडेने काज टाका (काजाला घालतात तसा, कडेवर दोरा अडकवत जाणारा) घालायचा, आणि इथे पुस्तिकेने कमाल केलीये, टाक्याची उंची आणि अंतर सारखं यावं म्हणून कागदाच्या पॅटर्नवरच ठिपके दिलेत, त्या ठिपक्यांवरून टाचणीने खुणा करून घ्या आणि बसा. अर्ध्या तासात हात बसतो. कोपऱ्यावर, म्हणजे चोचीच्या टोकाला, एकाच भोकातून तीन टाके पंख्यासारखे न्यायचे, तो मधला टाका बरोबर टोकावर आला की कोंबडीला एकदम जीव येतो. डोळा म्हणून गाठीचा टाका, दोनच वेढे, जास्त घेतले की कोंबडी डोळे वटारून बघते.

एकच घोळ. घर आणि अक्षरं ज्या चिकट कागदाने लावायची, तो इस्त्रीने कापडाच्या मागच्या बाजूला चिकटतो, म्हणजे त्यावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. यांनी सुलटंच छापलंय. घराचं काही नाही, धुराडं डावीकडे काय आणि उजवीकडे काय, पण अक्षरं उलटी उमटतात. कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरून मागून गिरवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, पण नवीन माणसाला हे कळणार कसं, तो बिचारा कापून चिकटवून मोकळा होणार आणि मग एकदा इस्त्रीने चिकटलेलं काही निघत नाही. इस्त्री करताना मध्ये ओलसर फडकं ठेवा, गोणपाटावर थेट गरम इस्त्री फिरवू नका.

तर कुणी घ्यावं? ज्यांना हातशिलाई थोडीफार येते, रंगांची निवड करताना गोंधळ होतो, आणि पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या अकलेने शिवणाऱ्यांपैकी आहेत, त्यांनी बिनधास्त घ्या, दोरे, टिकिंग आणि कोंबडीच्या पॅटर्नसाठी वसूल आहे. अगदी नवशिक्यांनी कोंबडीपासून सुरुवात करा, मग पताका, मग बदाम, अभ्रा शेवटी, पुस्तिकेत नेमका उलटा क्रम आहे आणि सगळ्यात अवघड वस्तू पहिल्या पानावर. मांजरपाटाचा एक जास्तीचा तुकडा, शेनील सुया आणि कॉटनचं रिळ एवढं वेगळं घेऊन ठेवा. लहान मुलांबरोबर करणार असाल तर फक्त फेल्टवालं काम त्यांच्या हातात द्या, गोणपाट त्यांच्या सहनशक्तीच्या बाहेरचा आहे. माझ्याही होता.

कंपनीला उलट्या अक्षरांबद्दल आणि पॉलिस्टर दोऱ्याबद्दल लिहून कळवलंय. अक्षरांचं सुधारलेलं पान त्यांनी पाठवलं, दोऱ्याबद्दल उत्तर आलं की पांढरी शिवण ही 'रस्टिक कॉन्ट्रास्ट' आहे. बघा म्हणजे.